पैनगंगेच्या अलीकडचे दफ्तर

(कनेरगाव नाका येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर पीकविमा, सोयाबीनचा भाव, रोजगार हमीची मजुरी असे विषय असताना त्यांच्यामध्ये 'विद्वत्सभा आणि समाज' हा विषय पाहून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. इतिहास, संस्कृती, विज्ञान यांचे संशोधन करणाऱ्या संस्था पुण्यामुंबईच्या, नाहीतर दिल्लीच्या. त्यांच्या इमारतींत आपल्यापैकी फार थोड्यांनी पाऊल टाकले असेल. तेव्हा त्या कशा चालतात याची चिंता या सरहद्दीवरच्या गावात बसून आपण का करावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी या गावापासूनच देऊ इच्छितो.

'नाका' हा शब्द या गावाच्या नावाला उगाच चिकटलेला नाही. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे १८५३ च्या तहानंतर इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड, अशी येथली स्थिती १९४८ पर्यंत होती. या काळात जॉर्ज ग्रिअर्सन नावाच्या एका अधिकाऱ्याने भारतीय भाषांचे प्रचंड सर्वेक्षण हाती घेतले. ग्रिअर्सन जन्माने डब्लिनजवळचा, म्हणजे आयरिश. नोकरीने हिंदुस्थान सरकारचा. त्याच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि तो मराठीला वाहिलेला आहे. त्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने आहेत. परंतु मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद ही संस्थाने या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली. याचा अर्थ असा की, नदीच्या त्या काठावरील शेतकऱ्याची बोली नोंदली गेली आणि या काठावरील त्याच्या सोयऱ्याची नोंदली गेली नाही. दोघांत बेटीव्यवहार होता, बाजार एक होता, वारी एक होती. पण सत्तेची हद्द ही ज्ञानाचीही हद्द ठरली. ज्याची नोंद नाही त्याचा हक्कही नाही, हे सातबाराच्या बाबतीत आपल्याला सांगावे लागत नाही. समाजाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.

ग्रिअर्सनचे नाव निघाले आहे, तर त्याच्या देशातील विद्वत्सभेची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. ती आपल्याला धडा म्हणून उपयोगी आहे आणि इशारा म्हणूनही. रॉयल आयरिश अकॅडमी ही संस्था १७८५ साली डब्लिनला स्थापन झाली. पुढील वर्षी तिला राजाची सनद मिळाली. विज्ञान, वाङ्मय आणि पुरातत्त्व या तिन्ही विषयांचा अभ्यास एका छपराखाली करावयाचा, असा तिचा संकल्प होता. संस्थापक बहुतेक जमीनदार, उमराव, इंग्रजी बोलणारे प्रॉटेस्टंट. देशातील बहुसंख्य जनता कॅथॉलिक, कुळे आणि शेतमजूर. १८२९ पर्यंत या बहुसंख्यांना पार्लमेंटात बसण्याचाही अधिकार नव्हता. आयरिश भाषा ही गरिबाच्या झोपडीतील भाषा आणि त्या भाषेतील प्राचीन हस्तलिखिते मात्र सरदारांच्या सभेतील अभ्यासाचा विषय, असा तो विलक्षण संसार होता.

पण त्या सरदारांना ती हस्तलिखिते वाचता येत नव्हती! ती वाचून दाखविण्यासाठी झोपडीतीलच माणसे लागली. जॉन ओ'डोनोव्हन आणि यूजीन ओ'करी हे दोघे शेतकऱ्यांची मुले. १८३० नंतरच्या दशकात आयर्लंडची मोजणी चालू होती, तेव्हा नकाशावर गावांची नावे कशी लिहावयाची हे ठरविण्यासाठी या दोघांना कामावर घेतले गेले. ओ'डोनोव्हन गावोगाव पायी हिंडला. म्हाताऱ्यांना नावांचे उच्चार आणि अर्थ विचारत गेला. ओ'करीने पुढे अकॅडमीच्या हस्तलिखितांची सूची केली. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. आज या संस्थेच्या ग्रंथालयात जुन्या आयरिश हस्तलिखितांचा जो थोर संग्रह आहे, त्याचे वाचन शक्य झाले ते अशा माणसांमुळे.

आता इशारा. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीने मेली. तितकीच देश सोडून गेली. सर्वाधिक तडाखा बसला तो आयरिश बोलणाऱ्या पश्चिम भागाला. नेमक्या याच काळात, १८४८ ते १८५१ मध्ये, ओ'डोनोव्हनने संपादिलेली प्राचीन आयरिश बखरींची उत्कृष्ट आवृत्ती डब्लिनला प्रसिद्ध होत होती. भाषेचा ग्रंथ छापला जात होता आणि भाषा बोलणारा माणूस बोटीत बसत होता. यात ओ'डोनोव्हनचा काही दोष नव्हता. पुढे अकॅडमीने जुन्या आयरिशचा महाकोश हाती घेतला. त्याचा पहिला भाग १९१३ साली आला आणि अखेरचा १९७६ साली. कोश पूर्ण झाला तेव्हा ती भाषा रोजच्या व्यवहारात वापरणारी माणसे किनाऱ्यावरील काही पट्ट्यांतच उरली होती.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपणही मानला. लीळाचरित्राच्या भूमीत, रिद्धपूरला, मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहत आहे. ही कामे आवश्यकच आहेत. परंतु पटसंख्येचे कारण सांगून खेड्यातील मराठी शाळांवर टांगती तलवार ठेवावयाची आणि दुसऱ्या बाजूला भाषेच्या प्राचीनतेची प्रमाणपत्रे भिंतीवर लावावयाची, ही आयरिश चूक आपण डोळे उघडे ठेवून करीत आहोत असे मला वाटते.

अकॅडमीची गोष्ट येथे संपत नाही आणि संपली असती तर ती मी सांगितलीही नसती. आयर्लंडच्या प्राचीन इतिहासाचा प्राध्यापक ओइन मॅकनील १९१३ साली आयरिश स्वयंसेवक दलाचा प्रमुख झाला आणि पुढे १९४० साली याच अकॅडमीचा अध्यक्ष. सरदारांची सभा राष्ट्राची झाली ती अशा माणसांच्या रेट्याने. स्त्रियांना सभासद म्हणून निवडण्यास मात्र तिने १९४९ साल उजाडू दिले. विद्वानांना न्यायबुद्धी उशिरा सुचते, हे काही फक्त आपल्याकडचे वैशिष्ट्य नाही! आज या संस्थेला सरकारी पैसा मिळतो, पण सभासद कोण असावेत हे सभासदच ठरवितात. तिने सिद्ध केलेला आयरिश चरित्रकोश २०२१ पासून कोणालाही विनामूल्य वाचता येतो.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात असे काम प्रथम सरकारने केले नाही, उमरावांनीही फारसे केले नाही. ते एका फाटक्या माणसाने केले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. वाईला सापडलेले पानिपतच्या मोहिमेतील पत्रव्यवहाराचे कागद त्यात होते. पुढे पायी हिंडून, मिळेल ते खाऊन त्यांनी या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्या साह्याने पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. परक्या सरकारकडे हात न पसरता सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर लाखो कागद जमविणारी अशी संस्था वसाहतीच्या काळात उभी राहावी, ही लहान गोष्ट नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे धाडस त्याहूनही वेगळे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी नागपूरला रीतसर मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळविले आणि १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंडांचे काम तडीस नेले. ज्ञान हा भागधारकांचा उद्योग होऊ शकतो ही कल्पना आजच्या भागबाजाराच्या जमान्यातही कोणाला सुचणार नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून राज्य झाले आणि त्या राज्याने १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ नेमले. मराठी विश्वकोश हे त्याचे अपत्य. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. काम रेंगाळले हे खरे. पण अणूपासून ओव्यांपर्यंत सारे मराठीत सांगता येते हे त्याने सिद्ध केले आणि आज तो संगणकावर फुकट वाचता येतो. याच मंडळाने १९६९ साली महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. आपल्या चळवळीला शिदोरी पुरविणारा ग्रंथ सरकारी छापखान्यातून आला, हे सरकारवर टीका करताना विसरू नये.

तथापि टीकाही केलीच पाहिजे. जुन्या संशोधनाची दृष्टी दरबार, मोहिमा आणि घराणी यांच्यापलीकडे फारशी गेली नाही. पानिपतावर कोण कोणत्या बाजूला होते याची तपशीलवार पत्रे छापली गेली. त्या फौजेची रसद ज्यांच्या घरातून उचलली गेली त्यांचे काय झाले, हा प्रश्न पुष्कळ काळ कोणी विचारला नाही. फुल्यांनी तो विचारला होता, पण त्यांना इतिहासकारांच्या पंक्तीत पान मांडले गेले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हस्तलिखिते त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षे पेट्यांत पडून होती. सरकारी प्रकाशनाचा पहिला खंड १९७९ साली निघाला. त्यानंतरही वाचकांची मागणी असताना खंड उपलब्ध नसावेत, छपाई रखडावी आणि डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून या प्रकरणात लक्ष घालावे लागावे, ही गोष्ट राज्याला भूषणावह नाही. ज्यांच्या नावाने शपथा घ्यावयाच्या त्यांचे ग्रंथ छापावयाचे नाहीत.

हे झाले पुण्यामुंबईचे. पैनगंगेच्या अलीकडे काय होते?

येथे एक चमत्कारिक सत्य सांगावे लागते. निजामाच्या हैदराबादेत १९१७ साली भाषांतराचे स्वतंत्र खाते निघाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथे सर्व उच्च शिक्षण उर्दूत होते. गणित, रसायन, वैद्यक हे विषय हिंदी भाषांत शिकवताच येत नाहीत असे इंग्रजी विद्वान सांगत असताना या विद्यापीठाने ते शिकवून दाखविले. १९१४ साली गुलाम यजदानी यांच्या हाताखाली पुरातत्त्व खाते निघाले आणि अजिंठ्याची चित्रे जपण्याचे मोलाचे काम त्याने केले. या कामगिरीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती भाषा मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या, तेलंगणातील कुळाच्या, कानडी विणकराच्या घरातील नव्हती. मातृभाषेतून ज्ञान हा विचार बरोबर होता, फक्त माता राजाची होती! आणि प्रजेने आपल्या भाषेत वाचनालय काढावे, सभा भरवावी, तर 'गश्ती निशान त्रेपन्न' हे फर्मान आडवे येई. परवानगीशिवाय सभा नाही. अशा राज्यात १९४३ साली साहित्य परिषद उभी राहिली आणि तिने भाषेचे निमित्त करून स्वातंत्र्याची जमीन तयार केली. पुण्यात वर्गणीतून मंडळे उभी राहत होती तेव्हा येथे वर्गणी मागणे हाच संशयास्पद उद्योग होता. आपल्या भागात संशोधनसंस्था कमी का, याचे उत्तर आळसात शोधू नका; ते इतिहासात आहे.

परिणाम असा झाला की, आपले कागद दुसरीकडे गेले. बीडजवळच्या पाटांगणच्या मठात राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. १९०९ साली त्यांनी ती छापली. छापली म्हणून ती संहिता वाचली, हे राजवाड्यांचे उपकार. पण मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांच्या हाती लागली नाही. संस्थानाचे दफ्तर हैदराबादेत राहिले. राज्यपुनर्रचनेत माणसे महाराष्ट्रात आली, त्यांच्याविषयीचे पुष्कळसे कागद नव्या सरहद्दीपलीकडे राहिले. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा एखादा अधिकारी फारसी-उर्दू साधने मराठीत आणतो, सरकारी नोकरीत असताना गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणे लिहितो. पण एक पगडी म्हणजे संस्था नव्हे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्या संग्रहाचेच पुढे शासकीय वस्तुसंग्रहालय झाले. कोणतीही पदवी नसलेला गावातील माणूस काय करू शकतो याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. आणि याच जिल्ह्याच्या नांदापूरला जन्मलेल्या नरहर कुरुंदकरांनी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकविता शिकविता साऱ्या महाराष्ट्राला इतिहासाकडे न्यायाने पाहण्याची सवय लावली.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर त्याने गेल्या दोन-तीन वर्षांकडे पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी म्हणून नोंदी आहेत काय, हे तिला शोधावयाचे होते. कागद निघू लागले आणि ध्यानात आले की ते मोडीत आहेत, उर्दूत आहेत, फारसीत आहेत. आणि ते वाचणारी माणसे शोधूनच काढावी लागत आहेत. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधाराने शासननिर्णय निघाला. मराठा समाजातील गरीब शेतकऱ्याची आशा त्या निर्णयाशी बांधलेली आहे आणि इतर मागासवर्गीयांतील गरिबाची भीतीही त्याच निर्णयाशी बांधलेली आहे. आरक्षणाच्या या प्रश्नावर पक्षाची भूमिका काय असावी याची चर्चा स्वतंत्रपणे होईल. मला येथे इतकेच नोंदवावयाचे आहे की, लाखो गरिबांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरते ते कागद पाऊणशे वर्षे कोणी वाचले नाहीत, छापले नाहीत, सर्वांसमोर मांडले नाहीत. ते आधीच प्रसिद्ध असते, तर अफवेला इतके रान मिळाले नसते. ज्याच्या हाती न वाचता येणारा कागद आहे, त्याला कोणीही काहीही वाचून दाखवू शकतो.

दुसरा प्रश्न १७ सप्टेंबरचा. मराठवाडा मुक्तिदिन आपण दरवर्षी साजरा करतो आणि दरवर्षी त्या दिवसाला कोणी ना कोणी धर्माचा रंग देऊ पाहतो. हैदराबादचा लढा हा जनतेचा सरंजामशाहीविरुद्धचा लढा होता. रझाकारांचे अत्याचार झाले, गावे जळाली, माणसे मारली गेली. हे सत्य आहे आणि ते लपविता कामा नये. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या हेही सत्य आहे. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. एक सत्य सांगणाऱ्याने दुसरे गिळावयाचे, असा व्यवहार आज दोन्ही बाजूंनी चालला आहे. अनंत भालेराव यांनी १९८७ साली या संग्रामाचा इतिहास लिहिला. पण एका ग्रंथावर सारा भार टाकून आपण मोकळे झालो.

आयर्लंडने येथे काय केले ते ऐका. तेथेही स्वातंत्र्ययुद्ध झाले आणि लगेच यादवी झाली. १९२२ च्या जून महिन्यात याच यादवीत डब्लिनचे सरकारी दफ्तरखाने जळाले. कित्येक शतकांचे कागद नष्ट झाले. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या ती माणसे म्हातारी होत चालली, तेव्हा १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत सरकारने इतिहासकारांच्या सल्ल्याने एक मोठी मोहीम काढली आणि १,७७३ माणसांची निवेदने लिहून घेतली. कोणी कोणाविरुद्ध सूड उगवू नये म्हणून ती कुलपात ठेवली आणि २००३ साली सर्वांना खुली केली. आज ती कोणीही वाचू शकतो. आपल्याकडे १९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. या भागात अशी किती माणसे उरली असतील? त्यांतही सेनानी म्हणून ज्यांना मानपत्र मिळाले त्यांचे बोलणे थोडेफार नोंदले गेले. भूमिगतांना भाकरी पोचविणारी बाई, रात्रीत गाव सोडलेले मुसलमान कुटुंब, वेठीने गाडी हाकणारा, ज्याला दोन्ही राज्यांत गावकुसाबाहेरच राहावे लागले तो दलित मजूर, यांना कोणी विचारले?

पैसा सरकारने द्यावा आणि निर्णय अभ्यासकांनी घ्यावेत, हे तत्त्व बोलण्यास सोपे आहे. व्यवहारात सत्ता आणि झुंड या दोघांशीही गाठ पडते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. १९१७ साली स्थापन झालेल्या आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या या संस्थेतील ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकातील मजकूर आक्षेपार्ह होता. त्याला उत्तर लिहूनच देता येत होते. पण प्रश्न तेवढाच नव्हता. या संस्था एका वर्गाच्या, एका जातीच्या आहेत, ही बहुजन समाजातील तरुणांची जुनी तक्रार त्या रागाखाली होती. तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण कपाटे फोडून दफ्तर बहुजनांचे होत नाही. बहुजनांची मुले मोडी, फारसी, पाली शिकून त्या कपाटांसमोर बसली म्हणजे होते. 'शिवाजी कोण होता?' हा प्रश्न कॉ. गोविंद पानसरे यांनी पुस्तिकेतून विचारला, आणि २०१५ साली त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी शिलालेख आणि वचनसाहित्य यांचे अभ्यासक डॉ. कलबुर्गी गेले, त्यापूर्वी २०१३ साली डॉ. दाभोलकर. ज्ञानाचे काम निरुपद्रवी असते असे ज्यांना वाटते त्यांनी ही तीन नावे आठवावीत.

विज्ञानाविषयी थोडेच बोलतो, पण ते थेट आपल्या दारातील आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वलहरी शोधणारी वेधशाळा उभारण्याचा निर्णय झाला असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी दोन हजार सहाशे कोटी रुपयांना मान्यता दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा प्रकाश आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरांची टक्कर झाली तर त्याने पडणारा अतिसूक्ष्म फरक मोजणारे यंत्र. अशी लहर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पकडली गेली. जगात मोजक्या ठिकाणी असणारे हे यंत्र हिंगोली जिल्ह्यात येते याचा अभिमान वाटावा असाच हा प्रसंग आहे. परंतु त्याच औंढा, वसमत, कळमनुरी परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून माणसे रात्री घराबाहेर काढतात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. किल्लारीची आठवण ज्यांना आहे त्यांच्या पोटात गोळा उठला. आकाशातील कंप मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी पायाखालच्या कंपाविषयी पांगरा शिंद्याच्या पारावर बसून मराठीत बोलावे, ही मागणी गैर आहे काय? जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीतून लिहून हे करता येते असे दाखविले आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच सांगत आहे. वेधशाळेत शिपायाची आणि पहारेकऱ्याची जागा स्थानिकांना मिळावी म्हणून आपण निवेदने देऊच; तेथील प्रयोगशाळेत आपल्या शाळांतील मुलींना जागा मिळावी म्हणून आतापासून कोणते गणित शिकवावयाचे, हेही निवेदनात असले पाहिजे.

येथे मला आयरिश अकॅडमीचे आणखी एक काम आठवते आणि ते मला तिच्या साऱ्या कामांत प्रिय आहे. पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर आयलंड नावाचे एक लहानसे बेट आहे. रॉबर्ट लॉइड प्रेगर या निसर्गशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९०९ ते १९११ या काळात शंभराहून अधिक अभ्यासक तेथे गेले आणि त्यांनी बेटाचा एकूण एक भाग तपासला. दगड, शेवाळ, किडे, पक्षी, हवामान, शेती, गावांची आणि घराण्यांची नावे, सारे. शंभराहून अधिक सजीव प्रजाती विज्ञानालाच नव्या निघाल्या. पुढे ऐंशी वर्षांनी अकॅडमीने त्याच बेटाचे पुन्हा सर्वेक्षण सुरू केले, म्हणजे मधल्या काळात काय बदलले हे मोजता आले.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील पाच-पाच गावांचे असे सर्वेक्षण आपण का करू नये? २०१० नंतर गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेले लोकभाषांचे सर्वेक्षण शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आणि त्या त्या भाषा बोलणाऱ्यांनीच केले; सरकारच्या हुकमाची वाट त्यांनी पाहिली नाही. वाशीमकडचे साथी आज येथे आहेत, म्हणून हे मी मुद्दाम बोलतो. शिवारांची नावे, बुजलेल्या विहिरी, ज्वारीचे बंद पडलेले वाण, जात्यावरच्या ओव्या, नदीच्या पुराच्या खुणा, वीरगळ, दर्ग्यातील आणि देवळांतील लेख, घरोघरी दुरडीत पडलेले कागद. कागद विकत मागू नयेत, उचलूनही आणू नयेत. घरातच बसून त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि कागद मालकाच्या हाती परत द्यावा. राजवाड्यांच्या काळी हे शक्य नव्हते, आज प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे.

मोडी वाचनाचा वर्ग हिंगोलीला सुरू करण्याचे काही शिक्षकांनी मान्य केले आहे. उर्दू येणारे वृद्ध गावोगाव आहेत. त्यांच्याकडे आपल्या मुलांनी शिकावयास जावे. त्यातून लिपीबरोबर आणखीही काही पदरात पडेल. नव्वदी ओलांडलेल्यांची यादी प्रत्येक शाखेने महिन्याच्या आत करावी आणि निवेदन घेताना माणूस कोणत्या पक्षाचा, कोणत्या धर्माचा हे पाहू नये. त्याला अडवू नये, दुरुस्तही करू नये. प्रत्येक निवेदनाच्या तीन प्रती करावयाच्या. एक निवेदन देणाऱ्याच्या घरी राहील, दुसरी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि तिसरी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यासाठी तेथील इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोलणे करावयाचे आहे. पक्षाच्या कार्यालयात एकही प्रत ठेवावयाची नाही.